सभेची वेळ बदला, पालक येतील

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को येथील सरकारी प्राथमिक शाळांत पहिली पालकसभा होते. चाळीस खुर्च्या मांडलेल्या असतात, आठ-दहा पालक येतात आणि नंतर शिक्षकांच्या खोलीत तेच वाक्य ऐकू येते : "यांना मुलांचे काही पडलेलेच नाही." हे वाक्य आम्हाला मान्य नाही, म्हणून हे पत्र. पालक येत नाहीत हे खरे आहे. पण त्यांना कोणत्या वेळी, कोणत्या भाषेत आणि कशासाठी बोलावले जाते ते नीट पाहिले, तर येणे किती अवघड करून ठेवले आहे ते कळते.

वेळेपासूनच सुरुवात करू. सभा बहुधा कामाच्या दिवशी सकाळी दहाला असते, कारण शिक्षक त्या वेळी शाळेत असतात. शहरातल्या सरकारी शाळांत मुले पाठवणारे पालक त्या वेळी काय करत असतात? तीन-चार फ्लॅटमध्ये धुणीभांडी आणि केर-लादी करणारी आई सकाळी आठ ते दुपारी एक-दीडपर्यंत एका घरातून दुसऱ्या घरात धावत असते. मासळी विकणारी बाजारात बसलेली असते. बांधकामावरचा बाप मुकादमाच्या ताब्यात असतो, एक तास मागितला तरी पूर्ण दिवसाचा खाडा पडतो. हॉटेलात काम करणाऱ्याची बहुतेक ब्रेक शिफ्ट असते : दुपारची जेवणे आटोपली की साडेतीनला सुटायचे आणि संध्याकाळी साडेसहाला पुन्हा हजर व्हायचे. म्हणजे दुपारी चार ते साडेपाच ही वेळ घरकाम करणाऱ्या आईलाही जमते आणि हॉटेलातल्या बापालाही. बांधकामावरच्यांना मात्र ती जमत नाही, त्यांच्यासाठी रविवारी सकाळी साडेनऊ. एकच सभा दोनदा घ्यायची, एवढाच हा बदल आहे.

यावर शिक्षकांची हरकत असते आणि ती खोटी नाही. शहरातल्या शाळेतले अनेक शिक्षक पेडणे, सत्तरी, काणकोणहून बसने येतात. शाळा साडेबारा-एकला सुटल्यावर संध्याकाळपर्यंत थांबणे किंवा रविवारी पुन्हा येणे म्हणजे त्यांचा अख्खा दिवस जातो. म्हणून हे शिक्षकांच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. शिक्षण खात्याने एका सत्रात अशा दोन दिवसांसाठी बदली सुट्टी लेखी मंजूर करावी. मुख्याध्यापकाच्या हातात तो कागद नसला, तर मनात असूनही तो वेळ बदलू शकत नाही.

दिवस निवडतानाही गावाचे पंचांग पाहावे लागते. म्हापशाच्या शाळेने शुक्रवारी सभा ठेवू नये, कारण त्या दिवशी बाजार असतो आणि निम्मे पालक तिथे विकायला किंवा हमालीला असतात. वास्कोत दामोदर सप्ताहाच्या उत्सवाचा आठवडा सोडावा. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचे आठ दिवस कुठेच सभा ठेवू नये. गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानापासून घराच्या रंगापर्यंत सगळे तेव्हाच चाललेले असते आणि पालकांची कमाईही त्याच दिवसांत जास्त असते. विजापूर, बागलकोट, गदगकडची कुटुंबे उगादी आणि दिवाळीला गावी जातात. दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्याच आठवड्यात सभा ठेवली, तर त्यांच्यातले बरेच परतलेले नसतात.

आता निमंत्रणाची भाषा. शाळांतून जाणारी नेहमीची सूचना अशी असते : "सर्व पालकांना कळविण्यात येते की, पालक-शिक्षक संघाची सर्वसाधारण सभा आयोजित करण्यात आली असून पाल्याच्या शैक्षणिक प्रगतीच्या दृष्टीने उपस्थिती अनिवार्य आहे." यातले 'पाल्य', 'सर्वसाधारण', 'अनिवार्य' हे शब्द घरी कोकणी, कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या आईला लागत नाहीत. ज्याला लागतात त्याला हा पोलिसांचा समन्स वाटतो. शिवाय शाळेचे बोलावणे दोनच कारणांनी येते, असा पालकांचा वर्षांचा अनुभव आहे : एक तर पैसे, नाही तर मुलाची तक्रार. ही भीती घालवणारी ओळ सूचनेतच हवी. उदाहरणार्थ :

"तुमची मुलगी वाचायला कशी शिकते आहे ते तुम्हाला दाखवायचे आहे. बुधवारी दुपारी साडेचारला किंवा रविवारी सकाळी साडेनऊला, जमेल तेव्हा या. दहा मिनिटे लागतील. धाकटे मूल बरोबर आणले तरी चालेल. पैसे मागायचे नाहीत, तक्रार सांगायची नाही."

खाली दोन चौकोन : बुधवार, रविवार. घरून खूण होऊन ती परत यायची. ही चिठ्ठी सुट्या कागदावर देऊ नये. पावसाळ्यात ती डब्याखाली भिजून लगदा होते. मुलाच्या रोजच्या वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवावी आणि मुलाला वर्गातच ती दोनदा वाचायला लावावी, म्हणजे घरी वाचून दाखवणारे कोणी तरी असते. आदल्या संध्याकाळी तीस-चाळीस सेकंदांचा आवाजी निरोप पाठवावा, कोकणीतून : "फाल्यां सांजे साडेचार वरांचेर शाळेंत मेळूंया. धा मिनटां पुरो. भुरग्याची वही दाखयतां." तोच निरोप हिंदीत आणि कन्नडमध्येही. कन्नड शिक्षकाला येत नसेल तर शाळेतल्याच एखाद्या आईला सांगावे, ती आनंदाने बोलून देते. तिच्या वस्तीतल्या बायकांना तो आवाज ओळखीचा असतो, त्यामुळे हा निरोप छापील सूचनेपेक्षा लवकर पोचतो.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण 'मेसेज टाकला होता' यावर आज फार काही ढकलले जाते. पहिली अडचण नंबरांची. प्रवेश अर्जावरचा नंबर कधी बापाचा, कधी शेजाऱ्याचा, कधी ठेकेदाराचा असतो. रिचार्ज संपले की सिम बदलते आणि शाळेला कोणी कळवत नाही. म्हणून वर्षातून दोनदा, शाळा सुरू होताना आणि दिवाळीनंतर, प्रत्येक मुलामागे दोन नंबर घ्यावेत, एक आईचा आणि एक दुसऱ्या कोणाचा, आणि पालक समोर असतानाच एक रिंग देऊन खात्री करावी. दुसरी अडचण ब्रॉडकास्टची. गट न करता एकाच वेळी अनेकांना निरोप पाठवायच्या ब्रॉडकास्ट लिस्टवरचा निरोप फक्त ज्यांनी शाळेचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच मिळतो. बाकीच्यांना काहीच जात नाही आणि शिक्षकाला वाटते, सगळ्यांना गेले. रिंग दिली त्याच वेळी तो नंबर पालकाच्या फोनमध्ये 'शाळा' म्हणून सेव्ह करून द्यावा.

गट केलाच तर निरोप फक्त शिक्षकांना पाठवता येईल अशी व्यवस्था ठेवावी, नाही तर सुप्रभातच्या फुलांखाली सुट्टीची सूचना गाडली जाते. रेड अलर्टच्या पावसात शाळेला सुट्टी रात्री उशिरा जाहीर होते, तेव्हा ही सूचना सापडणे किती गरजेचे असते ते पहाटे पाचला घर सोडणाऱ्या आईला विचारावे. परिपत्रकाची पीडीएफ जशीच्या तशी पुढे ढकलू नये. स्वस्त फोनवर ती उघडत नाही आणि उघडली तरी अक्षर लागत नाही. तीन ओळी टाइप कराव्यात, तारखेसोबत वार लिहावा. आणि एक गोष्ट कधीच करू नये : एखाद्या मुलाची चुकांनी भरलेली वही किंवा न झालेला गृहपाठ फोटो काढून गटात टाकणे. त्या आईने एकदा सगळ्यांसमोर ते पाहिले की ती पुन्हा शाळेच्या फाटकात पाऊल ठेवत नाही.

गैरहजेरीचा फोन तीन दिवसांनी करण्यात अर्थ नसतो. पहिल्याच दिवशी साडेनऊच्या आत केला, तर मूल धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहिले आहे की तापाने पडले आहे ते कळते आणि उपाय निघू शकतो. फोनवरचे पहिले वाक्य "का नाही पाठवले?" असे नसावे, "बरे आहे ना?" असे असावे.

सभा म्हणजे तरी काय? स्वागत, मुख्याध्यापकांचे भाषण, पालकांनी लक्ष द्यावे असा उपदेश, चहा. यातून आपल्या मुलाबद्दल पालकाला एक वाक्यही कळत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाचे जे कर्तव्य सांगितले आहे ते याहून फार नेमके आहे : पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि झालेली प्रगती त्यांना सांगणे. ते एकेका पालकाला वेगळे भेटूनच होते. वर्गात 36 मुले असतील तर प्रत्येकी दहा मिनिटांप्रमाणे सहा तास लागतात. हे एका दिवसात रेटू नये, रोज नऊ पालक दीड तास, असे चार दिवस करावे.

त्या दहा मिनिटांत काय करायचे ते ठरलेले असावे. शिक्षकाने टेबलामागे आणि आईने मुलांच्या बाकावर, असे बसू नये. दोन सारख्या खुर्च्या आणि मध्ये वही. पहिल्या दोन मिनिटांत मुलाला जे चांगले येते ते, नेमके : 'हुशार आहे' असे मोघम सांगू नये, तर 'वजाबाकीतला हातचा आता स्वतः घेतो' असे. मग शाळा सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या आठवड्याची वही आणि कालची वही शेजारी ठेवावी. फरक दाखवायला भाषा लागत नाही, अक्षर न येणाऱ्या आईलाही दोन पाने पाहून कळते. त्यानंतर मुलाला न शिकवलेला एक लहान परिच्छेद वाचायला द्यावा आणि आईला ते ऐकू द्यावे. कुठे अडखळते ते तिथेच सांगावे : जोडाक्षरावर थांबते, की शब्द वाचते पण अर्थ सांगता येत नाही. शेवटची तीन मिनिटे पालकाने बोलायचे. रात्री मूल कधी झोपते, घरी कोण असते, पालकाला कशाची काळजी आहे. शेवटी एकच काम ठरवावे, दोघांच्या वहीत एका ओळीत लिहावे आणि पुढच्या भेटीत त्याच ओळीपासून सुरुवात करावी.

काम असे द्यावे की न शिकलेल्या पालकालाही करता येईल. 'अभ्यास घ्या' हे काम नव्हे. रोज रात्री मुलाने दहा मिनिटे मोठ्याने वाचायचे आणि आईने फक्त ऐकायचे, मग "काय झाले गोष्टीत?" असे तिच्या भाषेत विचारायचे, मुलाने तिच्याच भाषेत सांगायचे. बसमधून जाताना दुकानांच्या पाट्या वाचायच्या. सुट्टे पैसे मुलाने मोजायचे. पालकाला विचारायला एक मापही द्यावे. लहान मुलांच्या वाचन-गणितासाठी केंद्राने सुरू केलेल्या निपुण भारत अभियानाच्या 2021 मधल्या मूळ उद्दिष्टांनुसार तिसरीच्या अखेरीस मुलाने अनोळखी मजकूर मिनिटाला किमान 60 शब्द या गतीने, अर्थ समजून वाचावा आणि 9999 पर्यंतच्या संख्या वाचाव्यात, लिहाव्यात. 'प्रगती समाधानकारक' या शेऱ्यापेक्षा हे माप पालकाला हजार पटींनी जास्त सांगते.

इथे एक चूक वारंवार होते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आईला मराठी येत नसेल तर शिक्षक मुलालाच दुभाषा करतात. शिक्षक सांगतात, "आठवड्यातून दोन दिवस येत नाही". मूल आईला कन्नडमध्ये काही तरी सौम्य सांगते. आई हसून मान हलवते. शिक्षकांना वाटते, ऐकले पण मनावर घेतले नाही. मुलाला स्वतःबद्दलची बातमी आईला सांगायला लावणे त्याच्यावरही अन्याय आहे. ती भाषा येणारी दुसरी मोठी व्यक्ती, शेजारची बाई, अंगणवाडी सेविका, माध्यान्ह आहार देणाऱ्या गटातली एखादी सदस्य, आधीच बोलावून ठेवावी.

आता शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे आणि त्याच्या कलम 21 प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया आणि दुर्बल व वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असावी लागते. बारा जणांची समिती असेल तर नऊ पालक आणि किमान सहा स्त्रिया. व्यवहारात मुख्याध्यापक ओळखीच्या, लिहिता-वाचता येणाऱ्या, दिवसा मोकळ्या अशा तिघा-चौघांना निवडतात आणि बाकीची नावे भरतात. त्याऐवजी पहिली ते चौथी प्रत्येक वर्गाच्या पालकांनी आपल्यातले दोघे निवडावेत, म्हणजे आठ झाले. नववी जागा परप्रांतातून आलेल्या कुटुंबांतल्या पालकासाठी ठेवावी, त्यांचे कोणी आधीच आले नसेल तर. केंद्राने 2010 मध्ये केलेल्या आदर्श नियमांत समितीची बैठक महिन्यातून किमान एकदा, अध्यक्ष पालकांमधून आणि इतिवृत्त सर्वांना पाहता येईल असे, हे स्पष्ट लिहिले आहे. इतिवृत्त आधी तयार करून फाटकावर सह्या घेण्याची पद्धत जिथे चालते तिथे समिती फक्त कागदावर असते. इतिवृत्ताचे पान दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर लावले, तर ही पद्धत आपोआप थांबते.

समितीपुढे पैशाचा विषय आला पाहिजे, त्याशिवाय पालक गंभीरपणे बसत नाहीत. समग्र शिक्षा अभियान या केंद्राच्या योजनेतून शाळेला पटावर आधारित वार्षिक संयुक्त अनुदान ठरलेले आहे : 30 पर्यंत मुले असतील तर 10,000 रुपये, 31 ते 100 साठी 25,000, 101 ते 250 साठी 50,000. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी. म्हणजे 64 मुलांच्या शाळेत 25,000 रुपये आणि त्यातले निदान 2,500 शौचालय, पाणी, हात धुण्याची जागा यांवर. हा आकडा पालकांना वर्षाच्या सुरुवातीला सांगावा आणि नळ आधी की रंग आधी, हे त्यांना ठरवू द्यावे. मुली शौचालयाला जायचे टाळण्यासाठी दिवसभर पाणी पीत नाहीत, ही गोष्ट आईच पहिल्यांदा सांगते. मुख्याध्यापकाच्या यादीत ती येत नाही.

मोठ्या कामांबाबत शहरातल्या पालकांचा एक गोंधळ नेहमी होतो. छप्पर गळते म्हणून ते नगरसेवकाकडे जातात. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा नगरपालिकेच्या नाहीत, शिक्षण खात्याच्या आहेत. नगरसेवक शिफारस करू शकतो, पण अर्ज समितीच्या ठरावासह तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे. दोन प्रती न्याव्यात, एकीवर आवक क्रमांक आणि तारीख घालून घ्यावी, गळणाऱ्या जागेचा फोटो जोडावा. तोंडी सांगितलेले छप्पर पुढच्या पावसातही गळतच राहते.

कागदपत्रांवरून पालकांना बोलावले जाते तेव्हाही थोडे समजावून सांगावे. अपार, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला देशभरासाठी मिळणारा एकच ओळख क्रमांक, यासाठी पालकाची संमती लागते. तो अर्ज 'उद्या सही करून आणा' म्हणून मुलाच्या दप्तरात टाकला जातो आणि सही होऊन परत येतो, कशावर सही केली ते पालकाला माहीत नसते. जन्मदाखल्यावरचे नाव, आधारवरचे नाव आणि शाळेच्या नोंदवहीतले नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी पुढे शिष्यवृत्ती अडते. हे तीन कागद प्रत्यक्ष भेटीत एकदाच शेजारी ठेवून पाहिले, तर चौथीतच दुरुस्ती होऊन जाते आणि दहावीच्या वर्षी धावपळ होत नाही.

समितीचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे कलम 22 मधला शाळा विकास आराखडा. केंद्राच्या नियमांप्रमाणे तो आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबर संपायच्या आत, व्हायला हवा. तीन वर्षांसाठी, त्यात वर्गवार अपेक्षित पटसंख्या, लागणारे शिक्षक, इमारतीच्या गरजा आणि खर्च. पटाचा अंदाज मुख्याध्यापकाला एकट्याला येत नाही. कोणत्या वस्तीत किती मुले पुढच्या वर्षी पहिलीत येणार, कोणती इमारत पूर्ण झाली की कामगारांची किती कुटुंबे निघून जाणार, हे त्या वस्तीतल्या पालकांना ठाऊक असते. सरकारी शाळांच्या घटत्या पटाची आणि त्या एकमेकींत विलीन करण्याची चर्चा होते, तेव्हा हा आराखडाच शाळेच्या बाजूने बोलणारा कागद ठरू शकतो. पण तो मागच्या वर्षीच्या प्रतीवरून मार्चमध्ये उतरवला जातो.

म्हणून शिक्षण खात्याला आमची विनंती अशी. दिवाळीच्या सुट्टीआधी एक परिपत्रक काढावे : सत्रातून दोन दिवस दुपारच्या किंवा रविवारच्या पालकभेटींसाठी बदली सुट्टी, व्यवस्थापन समितीच्या डिसेंबरच्या बैठकीत विकास आराखडा आणि त्या बैठकीचे इतिवृत्त फलकावर. भागशिक्षणाधिकाऱ्यांनी शाळेला भेट देताना किती पालक सभेला आले एवढेच न विचारता किती पालकांशी दहा मिनिटे बोलणे झाले तेही विचारावे आणि त्या वहीतली एक ओळ वाचून पाहावी.

आपले,
तिसवाडी, बार्देश, मुरगाव व सासष्टीतील सरकारी प्राथमिक शाळांच्या पालक-शिक्षक संघांचे काही कार्यकर्ते